संगजिऱ्याचा उन्हाळा

मार्च लागला की आमच्या विभागातली लाकडी कपाटं उघडतात आणि वर्षभर अंधारात पडलेले दगड टेबलावर येतात. प्रॅक्टिकल परीक्षेचे दिवस. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर काळ्या शाईने आकडा. मी एकेक दगड ओल्या फडक्याने पुसते, ट्रेमध्ये मांडते आणि मागच्या वर्षीचा क्रम बदलते, कारण मागच्या वर्षीची मुलं यंदाच्या मुलांना क्रम सांगून ठेवतात. पूर्वी हे काम मला आवडायचं. आता थोडे ट्रे लावून झाले की पाठ कुरकुरायला लागते आणि मी खिडकीपाशी जाऊन बसते. बाहेर रस्त्याच्या कडेची गुलाबी फुलांची झाडं पानं टाकून नुसती फुलून आलेली असतात. म्हैसूरला आलेले पाहुणे थांबून त्यांचे फोटो काढतात. मला ती झाडं दिसली की पेपर तपासायचे दिवस आले, एवढंच सुचतं.

संगजिरे मात्र सगळ्यांना ओळखता येतं. बोट फिरवलं की साबणासारखं गुळगुळीत लागतं, नखाने ओरखडा उठतो. पोरं खूश होऊन नाव लिहितात आणि पुढच्या दगडापाशी जाऊन रडकुंडीला येतात. काल तोंडी परीक्षेला आलेल्या एका मुलीनेही ते बरोबर सांगितलं. मग मी विचारलं, हा दगड तयार कसा होतो? तिने मेटासोमॅटिझमची, म्हणजे दगड न वितळता आतून बदलतो त्या क्रियेची, व्याख्या एका दमात म्हणून दाखवली, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. मी म्हटलं, आता तुझ्या शब्दांत सांग. ती भिंतीकडे बघायला लागली. वर पंखा कुरकुरत होता, बाहेर दहाजण ताटकळत होते. मी तिला रागावले नाही. मार्क दिले आणि जा म्हटलं. रागवायलाही अंगात काहीतरी लागतं.

शिवाय मला तरी ते पुस्तकातून कुठे कळलं होतं?

खोल जमिनीत पाणी असतं, पण ते आपल्या नळाच्या पाण्यासारखं गरीब नसतं. दाबाखाली सापडलेलं, भयंकर तापलेलं, नाना क्षार पोटात घेतलेलं ते पाणी दगडाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या फटींतून फिरत असतं. जाता जाता ते दगडातलं काही काढून घेतं आणि आपल्याजवळचं काही ठेवून जातं. दगड वितळत नाही. ही गोष्ट मुलांना काही केल्या पटत नाही. त्यांना वाटतं, एवढं सगळं बदलायचं म्हणजे एकदा सगळ्याचा रस व्हायलाच हवा. तसं होत नाही. दगड पहिल्यापासून शेवटपर्यंत घट्टच राहतो. कणाच्या कडेपासून आत, आणखी आत, पदार्थ बदलत जातो. पुष्कळदा कणाचा आकारसुद्धा जुनाच राहतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काही झालं नाही.

आमचे सर हे इंग्रजीत शिकवायचे आणि चिडले की कन्नडमध्ये शिरायचे. बदललेला दगड हातात आला की फक्त दोन प्रश्न विचारायचे, असं त्यांचं म्हणणं होतं. यातून काय गेलं, आणि यात काय आलं. बरं झालं की वाईट झालं, हा प्रश्न आपल्या खात्यातला नाही. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. सरांनी आम्हाला सरगूरच्या बाजूला एका उघड्या माळावर नेलं होतं. तिथे हिरवट काळ्या जुन्या दगडात एक पांढरी, जाड्या कणांची शीर घुसलेली आहे. दोघांच्या सीमेवर पट्टेच पट्टे. काळ्या अभ्रकाचा एक, त्याला लागून हिरवा, आणि त्याच्यापुढे मऊ फिकट संगजिरे. पांढऱ्या शिरेतली वाळूची जात, म्हणजे सिलिका, गरम पाण्याबरोबर काळ्या दगडात गेली आणि काळ्याचं मऊ संगजिरे झालं. मला त्याहून नवल वाटलं ते दुसऱ्या बाजूचं. जिने दिलं ती शीरही पहिल्यासारखी राहिली नव्हती. सिलिका गेल्यावर तिच्यात मागे उरले होते कुरुंदाचे गुलाबट, खरखरीत दाणे. घेणारा मऊ झाला आणि देणारा इतका कठीण, की त्याच्यावर पोलाद घासलं तरी पोलादच झिजावं. मी दोन्हीकडचे तुकडे पिशवीत भरले आणि बसने घरी आले. माझा प्रबंध त्याच सीमेवर होता.

आई ते तुकडे बघून म्हणाली होती, एवढे दगड आणायला इतक्या लांब कशाला गेलीस, गल्लीत काय कमी आहेत? मग संगजिऱ्याचा तुकडा उचलून तिने फरशीवर रेघ ओढली आणि ओळखलं. हे तर बळप. कर्नाटकातल्या पोरांची पाटीवरची लेखणी. माझी शाळा कन्नड. शाळेत त्या बळपाने मी कन्नड अक्षरं गिरवायची आणि संध्याकाळी आई त्याच पाटीवर, त्याच बळपाने माझ्याकडून मराठी बाराखडी गिरवून घ्यायची. शाळेतलं पुसलं जायचं, घरातलं राहायचं. तिला तसंच हवं होतं.

आई साताऱ्याकडची. लग्न होऊन म्हैसूरला आली तेव्हा तिला वाटलं होतं, मराठी घरात चाललोय, मग भाषेची काय चिंता. अप्पांचं घराणं जुन्या म्हैसूरच्या फौजेत आलेल्या मराठ्यांचं. कुठल्या गावाहून आलो ते घरात कुणालाच सांगता यायचं नाही. मराठी बोलायचे, पण ती ऐकून आई पहिल्या दिवशी रडली होती म्हणे. निम्मे शब्द कन्नड, आणि हेलही कन्नड. अप्पा म्हणायचे, "ऊटा झाला काय?" आई म्हणायची, "ऊटा नव्हे, जेवण म्हणा. तुमच्या घरात इतक्या पिढ्यांत एकालाही जेवता आलं नाही काय?" अप्पा हसून गप्प बसायचे. कचेरीतून आलेला हा सौम्य कारकून माणूस घरात तोंड उघडायलाच बिचकायचा. अग्रहारातल्या भाड्याच्या घरात आणि नंतर कुवेंपुनगरात बांधलेल्या दोन खोल्यांत आईने आपली मराठी अशी राखली, जशी काही बायका सोवळं राखतात. कन्नड ती शिकली, शिकावीच लागली, भाजीवालीकडून, दूधवाल्याकडून, शेजारणींकडून. पण ती उंबऱ्याबाहेरची. घरात कुणी कन्नडमध्ये काही मागितलं तर मिळायचं नाही. मी लहानपणी तहानलेली राहिलेय त्यापायी.

माहेराला मात्र ती माझ्या जन्मानंतर कधी गेली नाही. मी तिच्या तोंडून माहेरचं सगळं ऐकलंय, विहीर, चिंच, शेजारची वेडसर म्हातारी. पण गाव पाहिलं नाही. कारण मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि ते कारण मीच होते. माझ्या वेळी, पहिलं बाळंतपण म्हणून, ती माहेरी जायची होती, पण तिकडे आजी अंथरुणाला खिळली होती म्हणून बाळंतपण म्हैसूरलाच झालं. मी तान्ही असताना आजी गेली. आईचा धाकटा भाऊ, आमचा दत्तूमामा, त्याने बातमी कळवलीच नाही. ओली बाळंतीण आहे, धक्क्याने दूध आटेल, पोरगी दगावेल, असं भावकीतल्या मोठ्यांनी त्याला सांगितलं आणि त्याला ते पटलं. अप्पांनाही कळवलं नाही. उलट आई बरी आहे, तुझी आठवण काढते, अशी खुशाली तो कळवत राहिला. पुढे दसऱ्याला म्हैसूर बघायला आलेली गावाकडची एक बाई चौकशी करत अग्रहारात आली आणि आईचा हात धरून हळहळली, फार चांगली होती हो तुझी आई. असं आईला कळलं. तिने त्या बाईला चहा करून दिला. त्यानंतर मामा एकदा येऊन गेला, मी शाळेत होते तेव्हा. आईने त्याला गरम पोळ्या वाढल्या, पाऊसपाण्याची चौकशी केली, अगदी शुद्ध, नेटक्या मराठीत. दुसरं काही बोलली नाही. तो निघाला तेव्हा ती मोरीत भांडी घासत होती.

एम.एस्सी.च्या त्या शेवटच्या उन्हाळ्यात, शिवरात्र होऊन गेल्यावर, आई स्वयंपाकघरात पडली. उजवा हात आणि उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं, वाचा बसली. काही दिवस दवाखाना, मग घर. खिडकीपाशी खाट टाकली. मी परीक्षेची तयारी आणि प्रबंध दोन्ही त्या खाटेशेजारी स्टूलवर बसून करायची. करायची म्हणजे काय, वही उघडी ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राहायची. उन्हाने भिंती तापलेल्या, दारावरून मोगऱ्याची गाडी जायची, बाई ओरडायची, मल्लिगे, मल्लिगे. त्या वासाने अजून माझं डोकं दुखतं. आजारी माणसाच्या घरात जो शीण असतो तो कामाचा नसतो, वाट बघण्याचा असतो. आम्ही तिच्या बोलण्याची वाट बघत होतो.

पहिला शब्द आला तो "नीरु." पाणी. आम्ही दोघं इतके हरखलो, की शब्द कुठला ते ध्यानातही आलं नाही. अप्पांनी धावत भांडं आणलं. मग एकेक शब्द येत गेला. साकु, म्हणजे पुरे. बेड, म्हणजे नको. मग लहान लहान वाक्यं. पंखा बंद कर, उशी वर घे, ती पोरगी जेवली का. सगळं कन्नडमध्ये. मी मराठीत बोललेलं तिला कळायचं, मान हलायची, पण उत्तर कन्नड. मला वाटलं, उद्या मराठी येईल. अप्पाही तेच म्हणायचे, उगाच काळजी नको, ठीक होईल. "सुम्मने कशाला काळजी करतीस? स्वल्प दिवस जाऊ दे, सरी होतंय." दिवस गेले. कन्नड सुधारत गेलं, मराठीचा एक शब्द नाही.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. दोन भाषा येणाऱ्या माणसाची एकच परत येते, आणि ती जन्माची असेलच असं नाही. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. मी भाषेचं काही शिकलेली नव्हते. मला आपलं एवढंच कळलं की गरम पाणी वर्षानुवर्षं फिरत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. ती बाजारात फिरली, रांगेत उभी राहिली, शेजारच्या बायकांचं रडं ऐकत बसली, माझ्या शाळेत बाईंशी भांडली. आकार तोच राहिला होता, नऊवारी पातळ, कपाळावरचं आडवं कुंकू. त्याच्या आत किती गेलं आणि किती आलं हे मोजायला कुणी तो फोडून बघितला नव्हता.

एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या उन्हाळ्यात अप्पा सुखी होते. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही, पण तसं होतं. बायको पहिल्यांदाच त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होती, आणि त्यांना कुणी दुरुस्त करत नव्हतं. संध्याकाळी ते खाटेवर बसून तिला कचेरीतल्या गमती सांगायचे, तिला पेज भरवायचे, दोघं मिळून शेजाऱ्यांना नावं ठेवायचे. मी बाहेरच्या खोलीतून ऐकायची आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. माझी आई मराठीतली होती. ती कुठे गेली हे मी कुणाला विचारणार?

अप्पांनी कळवलं म्हणून दत्तूमामा आला. एसटीत कंडक्टर होता. आवाज मोठा, घरातही सगळ्यांना पुढे सरका म्हटल्यासारखं बोलायचा. दारातूनच म्हणाला, "अक्का, वळखलंस का गं?" आईने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "यावाग बंदे?" मामा माझ्याकडे वळला. "काय म्हनली?" मी सांगितलं, कधी आलास, असं विचारतेय. तेव्हापासून तो जितके दिवस राहिला तितके दिवस माझं ते काम होऊन बसलं. काय म्हनली, काय म्हनली. मी सांगायची, पाणी मागतेय, कूस बदलायचीय म्हणते, तू जेवलास का विचारतेय. अभ्यास तर राहूच द्या, मला स्वतःचं काही बोलायचं असतं हेही मी विसरले.

त्याला काय हवं होतं ते पहिल्याच संध्याकाळी त्याने मला गॅलरीत सांगितलं. त्याला दुसरं काही नको होतं. अक्काने एकदा म्हणावं, माझा राग गेला. तेवढं ऐकल्याशिवाय ती गेली तर मी काय तोंड घेऊन जगू, असं म्हणाला. आणि मग त्याने जे म्हटलं ते मला आजही आठवतं, कारण क्षणभर मलाही ते खरं वाटलं होतं. तो म्हणाला, "ती मुद्दाम करतीया. तिला येतंय सगळं. माझ्याशी मराठीत बोलायचं नाही, असं ठरवलंय तिनं." मी त्याला डॉक्टरांचं सांगितलं. त्याने मान हलवली, पण त्याला पटलं नव्हतं. माझ्या आईला ओळखणाऱ्या कुणालाही पटलं नसतं. तिला कुणाला शिक्षा द्यायची असती तर तिने मराठी न बोलण्याचीच दिली असती.

पाडवा आला. त्या दिवशी आमच्या गल्लीत सगळीकडे उगादीची आंब्याची तोरणं, आणि एकट्या आमच्या गच्चीवर गुढी. दरवर्षी येणारी-जाणारी माणसं विचारायची, हे काय उलटं भांडं टांगलंय, आणि आई त्यांना वैतागून, पण न चुकता समजावायची. त्या वर्षी गुढी मामाने उभारली. खिडकीतून आईला दिसेल अशी, बांबू जरा पुढे काढून. आईने मान वळवून पाहिली. "चेन्नागिदे," म्हणाली.

"काय म्हनली?"

मामाने गच्चीवरूनच विचारलं. छान आहे म्हणाली, मी खिडकीतून सांगितलं. मामाचा चेहरा पडला. छान म्हणायला हिला काय झालं होतं, असं पुटपुटत तो खाली उतरला. कडुनिंब आणि गुळाचा प्रसाद त्याने घेतला नाही.

दुपारी मी जेवणाचं ताट घेऊन आईशेजारी बसले होते. ताटात कडेला मीठ होतं. मामा समोर बसला होता आणि अचानक त्याने चिमूटभर मीठ उचलून तिच्यापुढे धरलं. अक्का, हे काय हाय? लहान पोराला विचारावं तसं. आई म्हणाली, "उप्पु." तो म्हणाला, ते नव्हे, आपल्यात काय म्हणतात? आईने तोंड उघडलं. ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मला दिसत होतं की तिला शब्द ठाऊक आहे, तो कुठे ठेवलाय तेही ठाऊक आहे, पण हात तिथवर पोचत नाही. परत "उप्पु" आलं. मग तिने डावा हात उचलून ताटावर मारला. भात खाटभर उडाला. ती रडायला लागली, तोंड वाकडं असल्यामुळे ते रडणंही धड दिसत नव्हतं. मामा मीठ तसंच चिमटीत धरून बसला होता. तिच्या मनात राग असेलही, पण हे रागाने होत नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं. त्याला कळलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मला फक्त झोप येत होती.

त्याच आठवड्यात मी विभागात जाऊन माझ्या दगडांच्या चकत्या बघितल्या. दगड कागदासारखा पातळ घासून काचेवर चिकटवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. प्रकाश आरपार जातो आणि आतलं सगळं उघडं पडतं. काळ्या दगडात जिथे जुन्या हिरव्या खनिजाचे कण असायला हवे होते, तिथे त्यांच्या कडा तेवढ्या शिल्लक होत्या. आत सगळीकडे संगजिऱ्याच्या बारीक पात्या. सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. काय गेलं, काय आलं, त्यांनी नेहमीसारखं विचारलं. मी उत्तर दिलं, मॅग्नेशियम, सिलिका, पाणी, सगळं बरोबर. मग मी त्यांना विचारलं, सर, जे गेलं ते कुठे जातं? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, कुठेतरी दुसऱ्या दगडात जातं, नाहीसं होत नाही. पण आपल्याला तो दगड सापडेलच असं नाही. त्या वर्षी मला मिळालेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तेच असावं.

आता मुलांना शिकवताना मी त्यांना ते सांगत नाही. ते परीक्षेला येत नाही, आणि ज्याला विचारायचं तो विचारतोच. माणसांना दगडांचे दाखले देणं मला एरवीही आवडत नाही. माणूस दगडाइतका सरळ नसतो. दगडात जे आलं ते आलं. माणसाला मात्र जे आलं त्याच्याच मदतीने, जे गेलं त्याचं काहीतरी करायचं असतं. एवढं त्या उन्हाळ्याने मला शिकवलं आणि त्यानंतर मी बराच काळ थकलेलीच आहे.

मामा परत जायच्या आदल्या दुपारची गोष्ट. रजा संपत आली होती. गल्ली उन्हात सामसूम होती, अप्पा कचेरीतून अर्ध्या दिवसाने आले होते आणि दाराशी बूट काढत होते. मामाने स्टूल खाटेला लावलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झाला.

"अक्का, आई गेली तवा मी तुला कळवलं न्हाई. तू पोरीला पाजत हुतीस. दूध आटंल म्हणून भ्यालो. मग उशीर झाला, मग त्याहून उशीर झाला. तुझा राग अजून हाय का?"

मी पेजेची वाटी घेऊन उभी होते. सवयीने मनाशी तयार झाले, आता ही बोलेल, मग मी सांगेन. मला भीती वाटत होती. ती "हो, आहे" म्हणाली असती तर मी ते मराठीत कसं म्हणणार होते?

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "अम्म होगबिट्ळा?"

मामाने माझ्याकडे बघितलं. "आई गेली का, असं विचारतेय," मी म्हटलं. मामा गोंधळला. मला म्हणाला, तिला ठाऊक हाय की, एवढी वर्सं झाली, डोक्यातनं गेलं का काय हिच्या? आईने डावा हात उचलला, त्याची हनुवटी धरली आणि माझ्याकडे वळलेलं त्याचं तोंड आपल्याकडे फिरवलं.

"नीने हेळु."

"तूच सांग, म्हणतेय," मी म्हटलं, आणि त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही.

तो म्हणाला, "व्हय अक्का. आई गेली." आणि मग त्याने सगळं सांगितलं. सकाळी आजीने दूध मागितलं आणि घेतलं नाही. दुपारी तिने विचारलं, पोरगी कुणासारखी आहे, आणि याने न बघताच सांगितलं, अक्कासारखी. संध्याकाळी तिने दाराकडे तोंड करून निजवायला लावलं, म्हैसूरची गाडी कधी येते विचारलं. हा म्हणाला, येईल एवढ्यात. दिवे लागायच्या सुमारास ती गेली. कोण कोण आलं, कोणी खांदा दिला, कुठलं पातळ नेसवलं, सगळं. कंडक्टरचा मोठा आवाज पार बसला होता. आई एकेक शब्द ऐकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. त्याचा हात तिने आपल्या चांगल्या हातात धरून ठेवला होता. राग आहे की नाही ते तिने सांगितलं नाही.

तो थांबला. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"तलेगे नीरु हाकु."

मामाने विचारायच्या आधीच मी सांगितलं, डोक्यावरून पाणी घाल म्हणतेय. आमच्यात मरणाची बातमी कानावर आली की माणूस कितीही लांबचा असो, जिथे असू तिथून उठून अंघोळ करायची असते. दाराशी अप्पा एका पायात बूट घेऊन उभे होते. ते हळूच म्हणाले, "दसऱ्याची ती बाई सांगून गेली तवा अंघोळ केली नव्हती तिनं. मी सांगितलं होतं. नको म्हणली. सांगायचा माणूस अजून सांगितला नाही, म्हणली."

आम्ही तिला उचलून मोरीत नेलं, पाटावर बसवलं. अप्पांनी पाठीमागून तिचे खांदे धरले. मामाने बंबातलं पाणी बादलीत काढलं, गार पाणी मिसळून हात घालून बघितलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी तिच्या डोक्यावर पाणी घातलं. केस कपाळाला चिकटले, कुंकू ओघळलं. ती डोळे मिटून बसली होती आणि मामा मोरीच्या दारात उभा राहून पहिल्यांदा मोठ्याने रडत होता. आजी गेल्याची बातमी आमच्या घरी त्या दुपारी आली.